पाणी न घालण्याचे दिवस



मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, तत्त्वज्ञान पुष्कळ झालं, एकदा तुमच्या गॅलरीतल्या फुलझाडांवर बोला." आम्ही हो म्हणालो. पण एवढी वर्षं वर्गात जे शिकवलं, ते घरी ठेवून येणं या वयात जमत नाही. तेव्हा आज बोलायचं फुलझाडांबद्दलच. वाटेत न्यायशास्त्र भेटलंच, तर त्याला नमस्कार करून पुढे जाऊ.

कुंडीत फुलझाडं लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार काय असते? "झाड छान आहे, हिरवंगार आहे, पण फुलत नाही." यावर आपण काय करतो? आणखी पाणी घालतो, आणखी खत घालतो. म्हणजे उत्तर नेहमी 'काहीतरी जास्त द्या' असंच असतं. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे की काही झाडं काहीतरी न मिळाल्यामुळे फुलतात. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एक मोगरा जवळजवळ मारून शिकलो.

हा मोगरा आमच्या पत्नीचा. तिच्या माहेरच्या, वाईच्या अंगणातल्या वेलीचं तिने दाब कलम करून आणलं होतं. आपल्याकडे मोगऱ्याला सहसा बी धरत नाही. त्यामुळे आपल्या घरातला प्रत्येक मोगरा हा दुसऱ्या कुठल्यातरी मोगऱ्याची फांदी असतो. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

पत्नी गेली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गॅलरी आमच्याकडे आली. तोवर आम्ही तिथे फक्त पेपर वाचायला बसत होतो. आम्ही ठरवलं, हिच्या झाडांना काही कमी पडू द्यायचं नाही. रोज सकाळी सातला प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा चुकवलं नाही. मार्चमध्ये मोगरा असा माजला की लांब लांब फांद्या शेजारच्या ग्रिलपर्यंत गेल्या. कळी मात्र एकही नाही. पुढच्या हिवाळ्यात पानं माना टाकायला लागली. आम्ही म्हटलं, तहान लागली असेल. सकाळी एक तांब्या आणि संध्याकाळी एक. पानं आणखी खाली गेली.

आता तो न्यायशास्त्राचा नमस्कार. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, हे अनुमान आपण सगळे शाळेपासून ऐकतो. ते बरोबर ठरतं, कारण धूर अग्नीशिवाय नसतोच. पण जी खूण एखादी गोष्ट असतानाही दिसते आणि नसतानाही दिसते, तिच्यावरून ती गोष्ट सिद्ध होत नाही. अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात. कोमेजलेलं पान हा तहानेचा सव्यभिचार हेतू आहे. पाणी कमी पडलं तरी पान मान टाकतं, आणि पाणी जास्त झालं तरीही टाकतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळांना ती लागते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असतं आणि तहानेनं मरत असतं. आम्ही तर्कशास्त्राचे प्राध्यापक, आणि हा हेत्वाभास आम्ही दिवसातून दोनदा तांब्याने करत होतो.

मग पान पाहून निदान करायचं नाही, तर काय पाहायचं? माती. बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर पाणी घालू नका, पान काहीही म्हणो. कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा हे बरं.

एका रोपवाटिकेतल्या माळीदादांना आम्ही घरी बोलावलं. त्यांनी कुंडी आडवी करून थापटली आणि मातीचा गोळा बाहेर काढला. मुळं तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती, वासही येत होता. त्यांनी कुजकी मुळं छाटली, वेल वीतभर ठेवून कापली आणि नव्या मातीत लावली. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड रेती. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. जाताना ते म्हणाले, "काका, डाळिंबवाले ताण देतात ते माहीत आहे ना? मोगऱ्याचंही तेच. बाईंनी कधी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं, पण आम्ही वाचलं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरात नव्या वर्षाचं कॅलेंडर जुन्याच्याच खिळ्यावर, त्याच्यावर अडकवण्याची पद्धत होती. त्या दिवशी आम्ही मागची कॅलेंडरं उलटून पाहिली. दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं, "मो. बंद". संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांनी, "मो. सुरू". इतकी वर्षं आम्ही समजत होतो की हे मोबाईलच्या रिचार्जचं काहीतरी असणार.

हा 'ताण' म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे डाळिंब, संत्र्याच्या बागेत शेतकरी बहार धरतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, यांपैकी जो हवा असेल त्याच्या आधी काही आठवडे बागेचं पाणी तोडतात. झाडाची वाढ थांबते, पानं गळतात, तयार झालेलं अन्न फांद्यांत साठतं. मग खत-पाणी देऊन ताण तोडला की झाड एकदम फुटतं आणि फुलावर येतं. मोगऱ्याला फुलं येतात ती नव्या फुटीवर. हिवाळाभर रोज पाणी मिळालं तर झाड जुन्याच फांद्या लांबवत बसतं.

आमच्या पत्नीच्या नोंदी आणि माळीदादांचं सांगणं, दोन्ही मिळून पद्धत अशी आहे. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत न्यायचं. जमिनीतल्या मोगऱ्याचं पाणी पूर्ण तोडता येतं, कारण त्याची मुळं खोल असतात. कुंडीत तसं करू नका. फांद्या पार वाळू नयेत म्हणून आठ-दहा दिवसांनी कपभर पाणी द्या. पानं पिवळी पडतील, गळतील. पडू द्या. संक्रांत झाली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात छाटणी करा. वाळक्या, बारीक आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या आधी काढा. उरलेल्या फांद्या साधारण निम्म्या कापा, धारदार, स्वच्छ कात्रीने, डोळ्याच्या थोडं वर, तिरक्या. राहिलेली पानं हाताने काढून टाका. वरची दोन इंच माती मोकळी करा, दोन मुठी कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घाला आणि भरपूर पाणी द्या. यानंतर नेहमीचं पाणी सुरू, पण बोट घालून पाहूनच. दीड-दोन महिन्यांत कळ्या दिसतात. पहिला भर ओसरला की फुलून गेलेले शेंडे थोडे खुडा, म्हणजे बाजूने नवी फूट येते आणि पुन्हा कळ्या धरतात.

दोन गोष्टी मात्र कधीही कमी करायच्या नाहीत. एक म्हणजे ऊन. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं, आणि ते नसेल तर बाकी सगळं केलेलं वाया जातं. दुसरी म्हणजे लक्ष. कळ्या जांभळट होऊन गळायला लागल्या तर आत बहुधा अळी असते. अशा कळ्या खुडून नष्ट करा. लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. युरियासारखं नत्राचं खत सढळ हाताने घालू नका. त्याने पानंच वाढतात.

आता इथे तुम्ही म्हणाल, पाणी न घालणं हे फुलण्याचं कारण कसं होईल? जे नाहीच, ते काय करणार? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त सात पदार्थ सांगितले आहेत, त्यांतला सातवा 'अभाव'. म्हणजे नसणं हीसुद्धा जगातली एक खरी गोष्ट मानली आहे. नैयायिक तर प्रतिबंधकाच्या अभावालाही कारणांत धरतात. त्यांचं उदाहरण असं, की एक विशिष्ट मणी जवळ असला तर अग्नी जाळत नाही. म्हणून जळण्यासाठी अग्नी हवा, लाकूड हवं, आणि तो मणी नसायला हवा. आमच्या गॅलरीत हिवाळ्यातला रोजचा तांब्या हा तो मणी होता.

दुसरं उदाहरण शेवंतीचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची शेवंती चांगली वाढलेली, पण दिवाळी उलटून गेली तरी कळी नाही. पाणी, खत, ऊन, सगळं ठीक. एकदा रात्री जिन्यावरून उतरताना आमच्या लक्षात आलं की कुंडीवर सोसायटीचा दिवा रात्रभर जळतो. शेवंतीला फुलायला मोठी, अखंड रात्र लागते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आपल्याकडे रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते, आणि झाड ते ओळखतं. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूच्या एका जातीवरून दाखवलं की काही झाडांचं फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून दिसलं की खरं महत्त्व अखंड अंधाराला आहे. मोठ्या रात्रीच्या मध्ये थोडा वेळ दिवा लावला तरी फुलणं अडतं. वहिनींनी कुंडी संध्याकाळनंतर अंधाऱ्या बाजूला ठेवायला सुरुवात केली, आणि डिसेंबरात कळ्या दिसल्या. पुढच्या वर्षी जून ते ऑगस्ट शेंडे खुडायलाही त्या शिकल्या, त्यामुळे फांद्या वाढल्या आणि फुलंही.

मोगऱ्याला तहान, शेवंतीला अंधार. मग सगळ्यांचंच पाणी तोडावं का? नाही. ही चूकही आम्ही केली आहे. मोगऱ्याचं गुपित कळल्यावर त्या उत्साहात आम्ही जास्वंदीचंही पाणी कमी केलं. तिने आठवड्याभरात कळ्या गाळल्या. जास्वंदीला ऊन, बेताचं नियमित खत आणि पाण्यात खंड न पडणं हवं असतं. एका झाडावरून काढलेला नियम सगळ्यांना लावणं याला अतिव्याप्ती म्हणतात. विद्यार्थ्यांच्या पेपरात आम्ही त्याचे गुण कापत असू.

आता थोडं स्वतःबद्दल. पत्नी गेल्यानंतर आम्ही रोज पाणी का घालत होतो? झाडाला हवं होतं म्हणून नव्हे. सकाळी सातला काहीतरी करायला हवं होतं म्हणून. ती गरज आमची होती, झाडाची नव्हती. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण दोन्हींतला फरक कळायला हवा. पहिल्यांदा ताण दिला त्या डिसेंबरात रोज पिवळं पान गळताना पाहणं आम्हाला फार जड गेलं. हात तांब्याकडे जायचा. मग आम्ही तो तांब्या घेऊन जास्वंदीकडे जायचो. त्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली फुलं आली. अकरा होती. आम्ही मोजली.

त्या पावसाळ्यात आम्ही दाब कलमंही केली. एक लवचीक फांदी वाकवायची, डोळ्याखाली साल थोडी खरवडायची, तो भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दीड-दोन महिन्यांत मुळं फुटली की मूळ वेलीपासून तोडायचं. एक कलम लेकीकडे नाशिकला गेलं, एक त्या माळीदादांकडे. आमची कुंडी उद्या खरंच गेली, तरी वाईच्या अंगणातली वेल गेली असं होणार नाही.

सध्या डिसेंबर चालू आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. मोगऱ्याच्या कुंडीत बोट घालून पाहा, आणि ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा. आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. नीट, पूर्ण शब्दांत लिहा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसालाही कळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.