एका एकवीस अंकी संख्येची कथा

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवीत गेल्यास राजाची कोठारेही रिती होतात. पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती, तर सर्व दाण्यांची बेरीज १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ इतकी भरली असती. या एकवीस अंकी संख्येने गणितज्ञांना अडीचशेहून अधिक वर्षे कोड्यात टाकले होते.

जिला १ आणि ती स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या होय. दोन, तीन, पाच व सात घरांतील दाण्यांची बेरीज अनुक्रमे ३, ७, ३१ व १२७ येते. या चारही मूळ संख्या आहेत. मग अकरा घरांची बेरीजही मूळ संख्या असेल काय? ती येते २,०४७. आणि २३ गुणिले ८९ म्हणजेच २,०४७. यावरून चार उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही, हे ध्यानात येईल.

इ. स. १६४४ मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने आपल्या ग्रंथात अशा मूळ संख्यांची यादी दिली. तीत ६७ घरांची ही संख्याही होती. पुढे १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ संख्या नाही, असे सिद्ध केले. परंतु त्याच्या रीतीने संख्येचे अवयव मात्र कळत नव्हते.

अवयव शोधण्यास एका नियमाचे साहाय्य होते. या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवास १३४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे. म्हणून १३५, २६९, ४०३ अशा क्रमातील संख्याच तपासाव्या लागतात. तथापि खरा अवयव या क्रमात १४,४५,५८० वा आहे! नुसत्या भागाकाराने तो हाती लागणे किती कष्टाचे, याची कल्पना करा.

अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी आणखी सूक्ष्म युक्त्या योजून तो शोधला. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे गणितज्ञांची सभा भरली होती. कोल यांनी तेथे एक शब्दही न बोलता फळ्यावर पुढील गुणाकार करून दाखविला, असे सांगतात:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

उत्तर तीच एकवीस अंकी संख्या आली!

दोन संख्यांचा गुणाकार करणे सोपे. पण गुणाकारावरून त्या संख्या शोधून काढणे महाकठीण. आज संगणक या संख्येचे अवयव क्षणार्धात काढतो. परंतु शेकडो अंकी संख्यांपुढे तोही हतबल होतो. गुप्त संदेश सुरक्षित राखण्याच्या काही आधुनिक पद्धती याच अडचणीवर आधारलेल्या आहेत.

मेर्सेन मोठा विद्वान होता; तथापि केवळ त्याच्या शब्दाने ही संख्या मूळ ठरली नाही. गणितात नावाला नव्हे, तर प्रमाणाला मान असतो. कोल यांच्या गुणाकाराचा पडताळा कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही पाहू शकता.