कागदाचा बारजील
अल फहिदीचा हवामनोरा संगणकावर आखून कार्डशीटमध्ये उभा करण्याची रीत



मुलाच्या नोकरीमुळे वर्षातले काही महिने आम्हा उभयतांचा मुक्काम बर दुबईत असतो. येथे खाडीच्या काठी अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. पूर्वी तिला बस्ताकिया म्हणत, कारण 1890 च्या सुमारास इराणमधील बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली. या घरांच्या गच्चीवर चौकोनी मनोरे दिसतात. अरबीत त्यांना बारजील म्हणतात. वीज नव्हती त्या काळी हे मनोरे वारा पकडून खालच्या खोलीत सोडत असत.

हा मनोरा कागदात कसा उभा करावा, ते या लेखात क्रमाने सांगत आहोत. नातवंडांबरोबर करण्याजोगे हे काम आहे. त्यासाठी एक संगणक, एक साधा प्रिंटर आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी पुरतात.

प्रथम मूळ वास्तू नीट समजून घेऊ. मनोरा चारी बाजूंनी वरच्या भागात उघडा असतो. आत मधोमध दोन भिंती एकमेकींना तिरक्या छेदून फुलीसारख्या उभ्या असतात. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी तो आरपार निघून जात नाही. फुलीला अडून खाली वळतो, आणि खोलीतली गरम हवा दुसऱ्या बाजूच्या कप्प्यातून वर निघून जाते. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या. हा दगड सच्छिद्र असल्याने उष्णता सावकाश आत येते. त्यावर जिप्समचा गिलावा. छताला चंदल नावाचे वासे, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांतून येणारे खारफुटीचे लाकूड. हे वासे आखूड असत, म्हणून खोल्याही तीन-साडेतीन मीटरहून फारशा रुंद बांधता येत नसत. घराची रुंदी झाडाने ठरवली, असे म्हटले तरी चालेल.

ही माहिती आज उपलब्ध आहे त्याचे बरेच श्रेय मोजमाप घेणाऱ्यांना आहे. ॲन कोल्स आणि पीटर जॅक्सन यांनी येथील एका घराची मापे घेऊन, आराखडे काढून 1975 साली ते छापले. 2007 साली त्यांचे याच विषयावरील मोठे पुस्तक निघाले. पुढे 1980 च्या दशकात निम्मी वस्ती पाडली गेली. उरलेलीही जाणार होती. तेव्हा येथे राहणाऱ्या रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदाने ती वाचवण्यासाठी खटपट केली. 1989 साली ब्रिटनचे युवराज चार्ल्स दुबईत आले असता त्यांनीही वस्ती पाहून ती राखावी असे सुचवले. पाडकाम थांबले आणि नंतर दुरुस्त्या झाल्या. पाडलेली घरे मात्र आता आराखड्यांत व छायाचित्रांतच पाहायची.

आता संगणकाकडे वळू. आम्ही इंकस्केप हा प्रोग्राम वापरतो. तो फुकट मिळतो, 2003 पासून अनेक स्वयंसेवक मिळून तो वाढवीत आले आहेत, आणि त्याची भाषा हिब्रू करता येते, त्यामुळे नातवंडांना सोपे जाते. हा व्हेक्टर पद्धतीचा प्रोग्राम आहे. छायाचित्र हे बारीक ठिपक्यांचे बनलेले असते, मोठे केले की फाटते. व्हेक्टर चित्रात ठिपके नसून सूचना असतात: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, इतकी लांब, या रंगाची. शाळेत भूमितीची रचना पायऱ्यांनी लिहीत असू, तशीच ही. म्हणून माप अचूक राहते, आणि कागदी इमारतीत मापच सर्वस्व आहे.

प्रमाण 1:100 घ्यावे. एक मीटरला एक सेंटीमीटर, म्हणजे मुलांना हिशेब तोंडी करता येतो. मनोरा जमिनीपासून 15 मीटर उंच आणि 3 मीटर लांब-रुंद धरू. कागदावर तो 15 सेंटीमीटर उंच होईल. चार बाजू मिळून 12 सेंटीमीटर, अधिक चिकटवण्याची 8 मिलिमीटरची पट्टी. ए-फोर कागदावर हे आरामात बसते.

सुरुवातीलाच दोन गोष्टी कराव्यात. कागदाच्या गुणधर्मांत, म्हणजे डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये, एकक मिलिमीटर ठेवावे. आणि प्रेफरन्सेसमधील टूल्समध्ये जाऊन बाउंडिंग बॉक्स ‘जॉमेट्रिक’ करावा. तसे न केल्यास रेघेची जाडीही मापात धरली जाते. 30 मिलिमीटरच्या चौकटीला एक मिलिमीटर जाडीची रेघ असेल तर संगणक 31 सांगतो, आणि चार बाजूंत ही तफावत साठत जाते.

मग चार थर, म्हणजे लेअर, करावेत: सर्वांत खाली पोत, त्यावर झरोके, त्यावर कापण्याच्या रेघा, सर्वांत वर घडीच्या रेघा. घडीच्या रेघा चित्राच्या अंगावर न आखता वर-खाली कोऱ्या जागेत 5 मिलिमीटरच्या खुणांनी दाखवाव्यात. दोन खुणांवर पट्टी ठेवली की घडी मिळते आणि भिंतीवर डाग दिसत नाही.

झरोके प्रत्येक बाजूला दोन घ्यावेत, प्रत्येकी 9 मिलिमीटर रुंद, 40 मिलिमीटर उंच, वर कमान. कडांना आणि मध्ये चार-चार मिलिमीटर भिंत सोडली की 30 ची बेरीज जुळते. एकच झरोका काढून बाकीचे सात त्याचे क्लोन करावेत. मुळात कमान बदलली की सातही आपोआप बदलतात. एका बाजूस तळाशी 10 बाय 20 मिलिमीटरचा दरवाजा ठेवावा.

आता पोत. येथे बहुतेकांना तयार विटांचे चित्र लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रवाळाचा दगड विटेसारखा एकसारखा नसतो, आणि त्यावर गिलावा असे. म्हणून भिंत मुख्यतः वाळूच्या रंगाची, किंचित उंचसखल, आणि एखाद्याच जागी गिलावा निघून आतला दगड दिसतो अशी करावी. एक सेंटीमीटरच्या चौकोनात तीन जवळच्या छटांचे पंधरा-वीस वेडेवाकडे तुकडे काढावेत. जो तुकडा डाव्या कडेबाहेर जातो तोच उजव्या कडेवर त्याच उंचीला पुन्हा ठेवावा, तसेच वर-खाली. मग ऑब्जेक्ट मेनूतील पॅटर्नमध्ये जाऊन ‘ऑब्जेक्ट्स टू पॅटर्न’ करावे. हा चौकोन आता फरशीसारखा सांधा न दिसता पसरतो. चारही बाजूंना मिळून एकच 12 सेंटीमीटरची चौकट भरावी, म्हणजे कोपऱ्यावर पोत तुटत नाही. चिकटवण्याच्या पट्टीवरही तो दोन मिलिमीटर जाऊ द्यावा, नाहीतर सांध्यात पांढरी फट डोकावते.

पोताचे प्रमाणही पाहावे. 30 सेंटीमीटरचा दगड कागदावर 3 मिलिमीटरचाच होतो. भिंतीचा फोटो वापरायचा असल्यास तो सरळ समोरून, ऊन नसताना काढावा. छापील सावल्या टाळाव्यात. चारही बाजूंवर डावीकडे सावली छापली तर घराभोवती चार सूर्य आहेत असे वाटते! झरोके खरोखर कापले की सावली आपली आपण पडते.

आतली फुली विसरू नये. 3 सेंटीमीटर चौरसाचा कर्ण 4.24 सेंटीमीटर. कार्डशीटची जाडी वजा जाता 4.1 घ्यावा. अशा 7 सेंटीमीटर उंचीच्या दोन पट्ट्या कापाव्यात. एकीला वरून आणि दुसरीला खालून मध्यावर साडेतीन सेंटीमीटरची चीर द्यावी व एकमेकींत सरकवाव्यात.

छापताना ‘फिट टू पेज’ काढून शंभर टक्के ठेवावे. आम्ही पानाच्या कोपऱ्यात नेहमी 5 सेंटीमीटरची रेघ छापतो. ती पट्टीने मोजून बरोबर भरली तरच कापायला घ्यावे. कार्डशीट 160 ते 200 ग्रॅमची असावी. इस्राएलमध्ये दुकानात ब्रिस्टॉल, सकीन यापानी आणि देवेक प्लास्टी मागावे, म्हणजे जाड कागद, कटर आणि पांढरा डिंक मिळेल. झरोके घडीआधी कापावेत. कटर मोठ्यांच्याच हाती असावा. घडीची जागा संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्यावी. कापलेल्या पांढऱ्या कडा रंगीत पेन्सिलीने घासाव्यात. एवढ्यानेच निम्मा कागदीपणा जातो. फुली वरून आत सोडून कोपऱ्यांत डिंकाचा थेंब द्यावा, मग माथ्यावर छप्पर चिकटवावे.

छप्पर कायमचे लावण्याआधी एक प्रयोग अवश्य करावा. दरवाजाच्या वरच्या कडेला पातळ कागदाची अरुंद पट्टी लोंबती चिकटवावी. माथ्यावर तळहात ठेवून, स्ट्रॉने वरच्या झरोक्यात फुंकर मारावी. खाली दरवाजाशी पट्टी हलते. आता फुली काढून तशीच फुंकर मारावी. हवा समोरच्या झरोक्यातून निघून जाते आणि पट्टी जवळजवळ स्तब्ध राहते. मुले हा प्रयोग पुन्हापुन्हा करतात, आणि मनोऱ्याचे काम काय ते त्यांना सांगावे लागत नाही.

म्हणूनच आमचा आग्रह आहे की बाहेरचा पोत कितीही हुबेहूब साधला तरी फुली वगळू नये. अल फहिदीतही फोटो काढणारे पुष्कळ, पण मनोऱ्याखाली उभे राहून वर पाहणारे थोडे. बाहेरची भिंत पाहून घराचे रूप कळते. त्या उन्हाळ्यात माणसे कशी राहत होती, हे आतल्या दोन तिरक्या भिंती सांगतात.

हीच रीत आपल्या कोकणातल्या घरालाही लागू पडते. तेथे पोत जांभ्या दगडाचा, छपराला मंगलोरी कौल. एक कौल काढून ‘टाइल्ड क्लोन’ने रांगा भराव्यात. पण त्याआधी घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि ओटी किती हात, माजघर कुठे, पडवी कोणत्या अंगाला, विहीर दारापासून किती पावलांवर, हे सर्व लिहून घ्यावे. कौलाचा रंग फोटोवरून मिळेल. ही मापे मात्र अनेक घरांची कोणीच घेतलेली नाहीत, आणि ती ज्यांना ठाऊक आहेत त्यांतले बरेचजण आमच्याच वयाचे किंवा आमच्याहून वडील आहेत.