आठ तासिकांचा हिशेब

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात १३,८९२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले २,०४६ महाराष्ट्रातले. वर्षभराच्या मिनिटांना देशाच्या आकड्यानं भागलं, की दर ३८ मिनिटांना एक विद्यार्थी येतो. शाळेची एक तासिका साधारण तेवढीच असते.

सुरतजवळचं चलथाण घ्या. साखर कारखाना, आसपासच्या कापड गिरण्या आणि उधना-जळगाव लोहमार्ग यांच्या आधारानं खानदेशातली कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात स्थिरावली. घरात अहिराणी, वर्गात गुजराती, वडील बारा तासांच्या पाळीवर. अशा घरातल्या नववीच्या मुलानं मनातलं बोलायचं कुणाशी?

युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांत, ११,११० मुलांवर झालेल्या एका अभ्यासानं यावर उत्तर शोधलं. ‘लॅन्सेट’मध्ये तो २०१५ साली आला. शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं, तज्ज्ञांकडून मुलांची तपासणी करून घेतली. दोन्हींनी ठळक फरक पडला नाही. फरक पडला तो मुलांनाच बोलतं केल्यानं. चार आठवड्यांत मिळून फक्त पाच तास: छोटी नाटुकली, चर्चा, एक पुस्तिका, भिंतीवर सहा पोस्टर. वर्षभरानं आत्महत्येचे नवे प्रयत्न या गटात १४ होते, तुलनेच्या गटात ३४. प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. १६७ मुलांमागे एक प्रयत्न टळला. १६७ मुलं म्हणजे तीन-चार वर्ग!

आता खर्च. एका मुलाची जोखीम शेकडा एकानं उतरवायला ३४.८३ युरो लागले, म्हणजे एक प्रयत्न टाळायला सुमारे ३,४८३ युरो. रुपयांत तीन लाखांहून अधिक, तेही युरोपातल्या पगारांच्या हिशेबानं. आपल्याकडे खर्चाचं गणित वेगळंच बसेल, आणि ते इथंच मांडायला हवं. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रानं गुजरातच्याच मेहसाणा जिल्ह्यात मुलांना बोलतं करणारा हा कार्यक्रम इथल्या मुलांसाठी बेतून शाळांत नेला आहे. मेहसाण्यात जमतं, तर चलथाणला का नको?

मला पैशांपेक्षा वेळाचा आकडा जास्त बोचतो. पाच तास म्हणजे आठ तासिका. दहावीच्या जादा तासांना, सराव परीक्षांना आपण याच्या कितीतरी पट वेळ काढतो. या आठ तासिका वेळापत्रकात बसवायला मुख्याध्यापकांची आणि पालकसभेची तयारी हवी, आणि ती पुढच्या जूनआधी हवी. आजच कुणाला बोलायचं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.