पत्ता बदलल्याची वर्दी

“समोरच्या कपाटांतील तिसरें पुस्तक आण,” असें कोणास सांगितलें, तर तो ज्या खोलींत उभा असेल तेथीलच पुस्तक घेऊन येणार. संगणकावरील प्रोग्रॅमचेंही तसेंच असतें. फाइलचा संपूर्ण पत्ता न देतां नुसतें नांव दिलें, म्हणजे तो ती फाइल आपल्या ‘चालू फोल्डरा’त शोधतो. हें फोल्डर मध्येंच बदललें आणि प्रोग्रॅमच्या एखाद्या भागास त्याची वार्ता नसली, तर काय होईल? एका कामाच्या ‘जुन्या’ नांवाच्या फोल्डरांतील कचरा पुसावयास निघालेला भाग दुसऱ्याच कामाचें ‘जुने’ फोल्डर रिकामें करील; आणि युनिक्सवर पुसण्याच्या आज्ञेनें गेलेली फाइल कचरापेटींत जात नाहीं, ती जातेच.

चालू फोल्डराची नोंद प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमगणिक निराळी असते. ही गोष्ट खुद्द युनिक्सच्या कर्त्यांसही एकदां चकवून गेली! १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या या प्रणालींत प्रत्येक आज्ञेसाठीं नवी प्रक्रिया निर्माण करण्याची सोय आली, आणि जागा बदलण्याची आज्ञा एकाएकीं चालेनाशी झाली. आज्ञा बरोबर होती. परंतु ती नव्या प्रक्रियेची जागा बदलून तिच्याबरोबरच संपे, आणि मूळ ‘शेल’ होता तेथेंच राही. शेवटीं ती आज्ञा शेलच्याच पोटांत घालावी लागली. हा किस्सा डेनिस रिची यांनीं स्वतः लिहून ठेवला आहे.

आतां वर्दी कोणी द्यावयाची? प्रणालीचा गाभा जागा बदलतो, पण घंटा वाजवीत नाहीं. लिनक्समध्यें २००५ सालीं आलेली ‘आयनोटिफाय’ ही सोय फोल्डरांतील फाइलींत काय फरक झाला तें कळविते. कोण कोठें गेला, हें नव्हे. या दोहोंची गल्लत पुष्कळांची होते. तेव्हां वर्दीचें काम शेलकडेच येतें, कारण जागा बदलण्याची आज्ञा त्याच्याच हातून जाते. ‘झेड-शेल’मध्यें ‘सीएचपीडब्ल्यूडी’ नांवाचें फंक्शन लिहून ठेवलें, म्हणजे प्रत्येक बदलानंतर तें आपोआप चालतें. ‘फिश’ शेलमध्यें चालू पत्ता धरणाऱ्या चलावरच पहारा बसवितां येतो. ‘बॅश’मध्यें मात्र सामान्यतः प्रत्येक प्रॉम्प्टपूर्वीं मागील पत्ता व आजचा पत्ता ताडून पाहण्याची युक्ति करतात, ती ओबडधोबड खरी, पण पुरेशी. ‘ईमॅक्स’ संपादक आपल्या पोटांतील शेलला लोक काय टाइप करतात तें वाचून पत्ता ताडतो. एखाद्यानें निराळ्या नांवाच्या आज्ञेनें जागा बदलली, कीं त्याचा तर्क चुकतो.

आणखी एक खोंच आहे. एकाच प्रोग्रॅमचे अनेक ‘थ्रेड’ सामान्यतः एकच चालू फोल्डर वाटून घेतात. एकानें पाऊल उचललें कीं सर्वांची जागा हलते, आणि वर्दी पोंचेपर्यंत दुसऱ्यानें चुकीची फाइल उघडलेलीही असते. म्हणून अनुभवी लोक सुरुवातीसच संपूर्ण पत्ता टिपून ठेवतात, किंवा फोल्डर उघडून त्याचाच हवाला देऊन फाइल मागतात. ‘ओपनॅट’ ही सोय याच कामाची. वर्दी प्रॉम्प्ट सजविण्यास उत्तम. फाइली पुसण्याचा भार तिच्यावर टाकणें बरें नव्हे. झेड-शेलमध्यें तर ‘सीडी’ आज्ञेस ‘क्यू’ हा पर्याय जोडला, म्हणजे जागा बदलते आणि वर्दी मुळींच जात नाहीं.