नागपूरची सनद, चांद्याचं जंगल

नागपूरला कायदा शिकून मोठी झालेली माणसं कोण, असं विचारलं की यादी तोंडपाठ बाहेर पडते. पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव, सरन्यायाधीश शरद बोबडे, हरीश साळवे, नितीन गडकरी, देवेंद्र फडणवीस. एखाद्या समारंभाची स्मरणिका निघाली तरी फोटो साधारण याच क्रमाने लागणार. ही यादी गडचिरोलीतल्या मार्कंड्याला बसून वाचली तर क्रम बदलावा लागतो. इथून नागपूरचं हायकोर्ट दोनशेच्या आसपास किलोमीटर. वैनगंगेच्या या काठावरच्या माणसाला दिल्लीतल्या खुर्च्यांचं कौतुक नाही असं नाही, पण त्याचा प्रश्न निराळा असतो. यातला कोण इकडे आला? आणि जे आले नाहीत, त्यांच्या सहीचा कागद तरी इकडे पोचला का?

जुनी गोष्ट थोडक्यात सांगतो. नागपूरला विद्यापीठ झालं 1923 मध्ये. त्याआधी मॉरिस कॉलेजात शिकलेल्या मुलांच्या परीक्षा आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाच्या. आमच्या शेजारच्या वणीचे लोकनायक बापूजी अणे कायद्याचे पदवीधर झाले ते कलकत्ता विद्यापीठाचे. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ विधी महाविद्यालय आलं तेव्हा सुरुवातीच्या प्राचार्यांत व्हिव्हियन बोस होते, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 1935 पासून 1943 पर्यंत तिथे वकिली सांभाळून शिकवणारे मोहम्मद हिदायतुल्ला 1968 मध्ये सरन्यायाधीश झाले आणि नंतर उपराष्ट्रपती. 1936 मध्ये नागपूरला हायकोर्टही आलं. म्हणजे शिकवणारे, युक्तिवाद करणारे आणि निकाल देणारे एकाच गावात, बरेचदा तीच माणसं. चांद्याहून म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, वरोऱ्याहून, ब्रह्मपुरीहून मुलगा कायदा शिकायला निघाला की तो नागपूरलाच उतरायचा. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच. तो 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला.

त्या पहिल्या वीसेक वर्षांतली माणसं एका रांगेत उभी केली तर गंमत वाटते. चांद्याच्या ज्युबिली हायस्कुलातून मॅट्रिक झालेले माधव सदाशिव गोळवलकर, पुढे संघाचे सरसंघचालक. अर्धेंदु भूषण बर्धन, पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. नरसिंह राव, पुढे काँग्रेसचे पंतप्रधान. तिघांकडे नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी, आणि तिघांनीही त्या पदवीवर फार काळ पोट भरलं नाही. कायदा शिकवून माणूस एका साच्याचा होतो म्हणणाऱ्यांनी ही रांग जरा बघावी.

या रांगेत चौथे उभे राहतात ते मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे. जन्म हिंगणघाटचा, 26 डिसेंबर 1914. घर वरोऱ्याजवळच्या गोरजाच्या जमीनदाराचं. नागपूरहून कायद्याची पदवी घेतली आणि वरोऱ्याला वकिली मांडली. ती चालतही होती, हे विसरलं जातं. 1942 च्या आंदोलनात पकडलेल्यांचे खटले त्यांनी लढवले आणि स्वतःही तुरुंग पाहिला. पण कोर्टातल्या बोलण्याच्या दराने त्यांना पोखरलं. पंधरा मिनिटं तोंड चालवलं की पन्नास रुपये, आणि दिवसभर राबणाऱ्या मजुराला रुपयासुद्धा नाही, हे बाबा पुढे अनेकदा सांगत. दुसरं कारण त्याहून बोचरं होतं. पक्षकार वकिलापुढे गुन्हा कबूल करतो, सोडवून आण म्हणतो, आणि सुटला की वकिलाने मेजवानीला यावं अशीही त्याची अपेक्षा असते.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत ते उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचा पगाराचा तंटा आला तेव्हा या वकीलसाहेबांनी मैल्याची पाटी स्वतः डोक्यावर घेतली, आणि एक दिवस फोटोपुरती नव्हे, काही महिने. त्याच दिवसांत पावसात गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम दिसला. बोटं झडलेली, अंगावर किडे. बाबा पहिल्यांदा घाबरून निघून गेले. मग परत आले, बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा केला आणि त्याचं मरण सोपं केलं. तिथून कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनला कुष्ठरोगाचं शिक्षण, आणि 1951 मध्ये वरोऱ्याच्या खडकाळ पन्नास एकरांवर आनंदवन. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, हा हिशोब आता सगळ्यांना पाठ आहे.

काळा कोट उतरवला म्हणजे वकील संपला, असं मात्र मला वाटत नाही. 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात बाबांचा हेमलकसाचा प्रकल्प उभा राहिला. त्यानंतर दहा वर्षांनी इंचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांचा प्रश्न आला, तेव्हा 'जंगल बचाव मानव बचाव' म्हणत बाबा उभे राहिले. माडिया गावं बुडणार, सागवान बुडणार, आणि हे कुणाच्या विजेसाठी? पुराव्यानिशी मांडणी, पत्रव्यवहार, थेट इंदिरा गांधींपर्यंत. अशिलाकडे फी नव्हती आणि कोर्टही नव्हतं, पण बाजू मांडायची रीत वरोऱ्याच्या वकिलाचीच होती. ती दोन धरणं झाली नाहीत. गोदावरीवर मेडीगड्डा बॅरेज मात्र सिरोंच्यासमोर 2019 मध्ये झालंच. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे खांब खचले. त्याच्या फुगवट्याने शेती गेल्याची ओरड सिरोंचा तालुक्यात आजही आहे. ती बाजू मांडायला दुसरे बाबा नव्हते.

गोदावरीचं नाव निघालं की नरसिंह राव आलेच. त्यांचं चांद्याशी नातं आहे ते पदवीमुळे नाही, लढ्यामुळे. निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीवरच्या चांद्याला हैदराबादच्या काँग्रेस कार्यकर्त्यांचं शिबिर होतं, त्यात ते होते. पुढे वीस वर्षं ते मंथनीचे आमदार. सिरोंच्याहून नदी ओलांडली की कालेश्वर आणि त्याच्या पुढे मंथनी. मराठी त्यांना इतकी येत होती की हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. 1991 मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा चंद्रपूरचे खासदार शांताराम पोटदुखे अर्थ राज्यमंत्री होते. आर्थिक धोरणांवरून या दोघांची आठवण निघते. आमच्या भागासाठी त्या सरकारचं मोठं काम दुसरंच आहे. पंचायतींबाबतची 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली. ती अनुसूचित क्षेत्राला थेट लागू नव्हती, म्हणून 1994 मध्ये दिलीपसिंह भुरिया यांची समिती बसली. तिच्या शिफारशींवरून अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांसाठी पेसा कायदा झाला 24 डिसेंबर 1996 ला. तोवर राव सत्तेतून गेले होते.

त्याच महिन्यात, बारा दिवस आधी, आणखी एक कागद निघाला होता. 12 डिसेंबर 1996 चा गोदावर्मन खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश: कागदोपत्री मालकी कुणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल ते जंगलच. या खटल्यात वर्षानुवर्षं न्यायमित्र म्हणून उभे राहिले ते हरीश साळवे, नागपूरचेच कायद्याचे पदवीधर. कुलभूषण जाधव खटल्यात एक रुपया फी घेतली म्हणून देश त्यांना ओळखतो. चामोर्शीच्या पटवाऱ्याला साळवे हे नाव ठाऊक असो-नसो, त्याच्या दप्तरातल्या 'झुडपी जंगल' या नोंदीचं ओझं या आदेशाने वाढलं. मालगुजारी गेली तेव्हा गावाच्या गुरचराईच्या, निस्ताराच्या म्हणजे सामाईक वापराच्या जमिनी या नावाखाली लिहिल्या गेल्या. कितीतरी ठिकाणी तिथे धड एक झाड नाही. शाळा आहे, स्मशान आहे, घरं आहेत. पण आदेश झाल्यावर सगळं अडकलं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली ही जमीन 86 हजार हेक्टरच्या वर आहे. तिचा निकाल 22 मे 2025 ला लागला आणि तो देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. ते पदवीने अमरावती विद्यापीठाचे, म्हणजे 1983 मध्ये नागपूरहून फुटलेल्या शाखेचे, आणि वकिली केली ती नागपूर खंडपीठात. झुडपी हे जंगलच, पण 1996 च्या आधी झालेली वाटपं सांभाळून घ्या, असा तो निकाल. मला तो शहाणपणाचा वाटतो. फक्त त्यासाठी लागणारे प्रस्ताव, याद्या, नकाशे तहसीलमध्ये बनायचे आहेत, आणि तिथली गती आम्हाला माहीत आहे.

तर डिसेंबर 1996 चे हे दोन कागद. एकाने वनखात्याचा हात लांब केला, दुसऱ्याने ग्रामसभेला आवाज दिला. दोन्हींच्या मागे नागपूरचे कायदेपंडित. पण जंगलातल्या माणसापर्यंत पहिला कागद ताबडतोब पोचला. बैलगाडीत बांबू सापडला की गार्ड पीओआर म्हणजे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल फाडायचा, गाडी जप्त, आणि कार्बन कॉपीची निळी पुसट चिठोरी घेऊन माणूस कोर्टाच्या आवारात मुद्रांक विक्रेत्याच्या टेबलाशी उभा. मग वकीलपत्र, मग पेशी, मग पुढची पेशी. दुसरा कागद मात्र वाटेतच रेंगाळला. महाराष्ट्राचे पेसा नियम यायला 2014 उजाडलं.

तोवर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वाट पाहिली नाही. यात पुढे होते गावचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल, दोघांपैकी कुणी वकील नव्हे. गावात अभ्यास गट बसायचा आणि कायदा वाचायचा, कलम-कलम करून. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्यांचा दावा तयार होता. 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये जयराम रमेश स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. कायद्याच्या शिक्षणाचा मागोवा घ्यायचा तर या अभ्यास गटाला वगळता येत नाही, मग त्याला कुठल्या विद्यापीठाची मान्यता असो वा नसो.

चंद्रपूरचे म्हणून सांगावेत असे दोन विधिज्ञ आणखी आहेत. एक बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. ते नागपूरच्या यादीतले नव्हेत, बॅरिस्टरी लंडनची, लिंकन्स इनची. पण त्यांच्याशिवाय हा जिल्हा पुरा होत नाही. 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले, त्या सोहळ्याची धुरा राजाभाऊंनी वाहिली. पुढे रिपब्लिकन पक्षाची सरचिटणिशी आणि 1969 ते 1972 राज्यसभेचं उपसभापतिपद. नागपूर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाला आता बाबासाहेबांचं नाव आहे, हेही इथेच नोंदवतो.

दुसरे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. जन्म चंद्रपूरचा, 22 ऑगस्ट 1946, वकिलांच्या घरात. नागपूरच्या विद्यापीठ विधी महाविद्यालयातून शिकून ते खंडपीठात वकिली करत राहिले. 1992 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मग मद्रास उच्च न्यायालयात, पुढे उत्तराखंड आणि कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश, 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालय. लाल किल्ल्यावरच्या हल्ल्याच्या खटल्यात फाशी कायम करणारा ऑगस्ट 2011 चा निकाल त्यांच्या खंडपीठाचा. मला मात्र त्यांचं निवृत्तीनंतरचं काम अधिक मोलाचं वाटतं. 2019 मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. चौकशी आयोग सिरपूरकरांकडे आला. चकमकीची पोलिसांनी सांगितलेली कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असं आयोगाने लिहिलं. टाळ्या वाजत असताना असं लिहायला हिंमत लागते. ज्या जिल्ह्यात चकमकीची बातमी दोन पिढ्या सकाळच्या चहासोबत वाचली गेली, तिथल्या वकिलांनी तरी तो अहवाल पूर्ण वाचावा.

राजकारणातल्या पदवीधरांवर इथे शाई घालवायची गरज नाही. गडकरींनी रस्ते केले. फडणवीसांनी मुख्यमंत्री असून गडचिरोलीचं पालकमंत्रिपद स्वतःकडे ठेवलं आणि सुरजागडच्या लोखंडावर जिल्ह्याचं भवितव्य मांडलं. ते बरोबर की कसं, हे ठरायला वेळ आहे.

आता नागपूरला जाणं पूर्वीसारखं अटळ राहिलेलं नाही. पोटदुखेंच्या सर्वोदय शिक्षण मंडळाचं विधी महाविद्यालय चंद्रपूरला आहे, त्यांच्याच नावाचं. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि तिथल्या पदवीवरचा नागपूरचा शिक्का गेला. या मुलांची नावं कुठल्या स्मरणिकेत येणार नाहीत. त्यांच्याकडे येणारं काम म्हणजे फेरफार, वारसान, जप्त झालेली ट्रॅक्टर-ट्रॉली, अपघाताचा दावा, आणि अलीकडे उपविभागीय समितीने फेटाळलेल्या वनहक्क दाव्यांची अपिलं. अपिलात गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्याची साक्ष असते, तीन पिढ्यांच्या वहिवाटीचा पुरावा शोधायचा असतो, आणि कधी कधी तो जुन्या निस्तार पत्रकात सापडतो. त्यासाठी रेकॉर्ड रूममध्ये बसून मोडीतले, उर्दू वळणाचे शब्द वाचता यावे लागतात. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. ज्याला ते येतं असा वकील सापडला की त्याच्या दारात बाकी तालुक्यांतूनही माणसं येतात.