विंच की विद्युत मोटर?

रेणापूर - रेडिओनियंत्रित ग्लायडर तरंगतो तो तापलेल्या हवेच्या ऊर्ध्वप्रवाहावर. पण तिथवर त्याला पोचवायचे कसे? पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर माणसे नेणारे ग्लायडर विंचच्या दोराने पतंगासारखे वर खेचले जातात. प्रतिकृतींसाठीही ही रीत आहे. जमिनीवरील मोटर दोर गुंडाळते, ग्लायडर चढतो आणि माथ्यावर दोर सुटतो. विमान हलके राहते. मात्र दीडशे-दोनशे मीटरची मोकळी पट्टी हवी. आपल्याकडे सोयाबीन निघाले तरी तूर उभीच असते, हे येथील शेतकऱ्यांना सांगायला नको.

विद्युत ग्लायडरच्या नाकातच मोटर असते. चढण संपताच तिची पाती मिटतात. मोटर व बॅटरीचे वजन मात्र अखेरपर्यंत वाहावे लागते. 'एफ५जे' या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात मोटर एकदाच, जास्तीत जास्त 30 सेकंद चालवता येते. शिवाय 200 मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण आणि त्यापुढे दर मीटरला 3 गुण वजा होतात. साहजिकच कसलेला खेळाडू मोटर लवकर बंद करतो.

एकट्या हौशी माणसाला मोटरच परवडेल. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही 120 मीटरवर जाण्यास पूर्वपरवानगी लागते. मोटर हव्या त्या उंचीवर थांबवता येते.