मोटार बदलण्याआधी पाईपलाइन तपासा

विहिरीवरची मोटार चांगली चालते, तरी शेवटच्या लॅटरलला पाणी पोहोचत नाही, अशी अडचण उन्हाळ्यात अनेकांना येते. अशा वेळी जास्त एचपीची मोटार घेण्याआधी दाब पाईपमध्येच तर खर्च होत नाही ना, हे तपासा.

दाब कुठे जातो?
पाणी पाईपच्या आतील भिंतीला घासत वाहते. एल्बो, व्हॉल्व्ह, रिड्यूसर येथे ते वळते, घुसळते. या दोन्हींत दाब घटतो. ही घट मीटर उंचीत मोजतात. 10 मीटर म्हणजे सुमारे 1 किलो दाब.

उदाहरण
200 लिटरचे बॅरल 40 सेकंदांत भरत असेल, तर विसर्ग सेकंदाला 5 लिटर आहे. या विसर्गाला पीव्हीसी पाईपमध्ये दर 100 मीटरला होणारी अंदाजे घट अशी:

- 63 मिमी: 5 मीटर
- 75 मिमी: 2.2 मीटर
- 90 मिमी: 0.9 मीटर

शेत 300 मीटरवर असेल, तर 63 मिमी पाईपमध्ये 15 मीटर, तर 75 मिमीमध्ये 6.6 मीटर दाब जातो. म्हणजे अरुंद पाईपमुळे पंपाला 8.4 मीटर जादा चढ चढावा लागतो. त्याच पाईपला मोठी मोटार जोडून विसर्ग दुप्पट करू पाहिल्यास घट सुमारे साडेतीन पट होते. वीजबिल वाढते, पाणी त्या प्रमाणात वाढत नाही.

काय करावे?

- पाईपमधील पाण्याचा वेग सेकंदाला 1.5 मीटरच्या आत राहील असा व्यास निवडा.
- सक्शन पाईप आखूड, सरळ आणि शक्यतो डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा ठेवा.
- काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड वापरा. 63 मिमी लाइनमधील एक एल्बो साधारण 2 ते 3 मीटर पाईपइतकी घट करतो.
- फूट व्हॉल्व्हच्या जाळीतील शेवाळ, पालापाचोळा काढा.
- ठिबकच्या फिल्टरआधी व नंतर दाबमापक लावा. दोन्हींतील फरक 0.5 किलोवर गेला की फिल्टर धुवा.

मोठा पाईप टाकल्यावर हेड कमी होऊन विसर्ग वाढतो. त्यामुळे मोटार पाटीवरील अँपिअरपेक्षा जास्त करंट घेत नाही ना, हे पहिल्याच दिवशी पाहा. जास्त घेत असेल, तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा.